पान दोनशे बारा

पुस्तक एकच, वाचणारे सात.
पाठीला चिकटपट्टी, कडेला कुणाचा तरी हळदीचा अंगठा,
महिनाभर मनामाभर फिरून
ते शुक्रवारी दुपारी परत आलं गुदैबियात,
शिंप्याच्या दुकानावरच्या आमच्या खोलीत,
जिथे एसीखाली बादली ठेवावी लागते.

कारखानीसांनी आधी चष्मा पुसला, मग लेखकाला.
"बड्यांच्या बँकेत अशी तिजोरी नसतेच हो.
गालिचा असतो. चांदीच्या वाटीत खजूर असतात.
आणि चौथ्या प्रकरणात व्याज चुकलंय,
साडेतीनशे दिनारांनी."
चाळीस वर्षं ऑडिट केलेला माणूस,
प्रेत दिसलं तरी आधी बेरीज बघणार.

सुलक्षणा टिपणीस रात्रपाळीवरून थेट आलेली.
"विष एवढं पटकन चढत नाही," ती म्हणाली,
"आणि मरताना कुणी खातेक्रमांक सांगत नाही.
पाणी मागतात."
मग चहात खारी बुडवत, जरा ओशाळून,
"पण खाली ठेववेना मेलं. दोन दिवस झोपले नाही."

आग्नेल डाबरे, वसईचा, हॉटेलात केक सजवणारा,
शेवटचं पान आधी वाचतो.
खून कुणी केला ते कळलं
की बाकीचं पुस्तक निवांत खाता येतं म्हणे.
सगळे त्याच्यावर तुटून पडले.
तो हसत बादली रिकामी करायला गेला.

मुकादम बराच वेळ बोलले नाहीत.
रिफातल्या एका घरची गाडी चालवतात, एकोणीस वर्षं.
"मला चाळिसाव्या पानावरच कळलं," म्हणाले.
"ड्रायव्हर पुढे बसलेला असताना
जो फोनवर सगळं मोकळं बोलतो,
त्याच्या लेखी गाडीत दुसरं कुणी नसतंच.
तसा माणूस काहीही करू शकतो.
पण मला राग वेगळाच आला.
दोनशे ऐंशी पानं तो बिचारा गाडी हाकतो,
त्याला नाव नाही. एकदा उतरून जेवत नाही.
आमचा शेठ तरी तासभर सोडतो."

मग सगळे माझ्याकडे वळले.
नवव्या मजल्यावर, समुद्राकडे तोंड करून,
मी तसल्याच बँकेत बसते, हे त्यांना ठाऊक.
"बरं आहे," मी म्हटलं. "थोडं लांबलंय."

एक मंगळवार मी त्यांना सांगितला नाही.
चाकाच्या खुर्चीतली बाई, मागे तिचा मुलगा.
त्याने तिचं मनगट धरलं होतं,
आधाराला, असंही म्हणता येईल.
कार्डावरच्या जुन्या सहीशी नवी जुळत नव्हती,
शेवटचं वळण तेवढं तिचं.
ती माझ्याकडे बघत होती.
किंवा माझ्या मागच्या घड्याळाकडे.
मी शिक्का मारला.
कुणी धावत आलं नाही, दिवे गेले नाहीत,
लिफ्ट वेळेवर आली
आणि तिची कॉफी तशीच राहिली, साय धरून.

पान दोनशे बारावर
नायिका खोट्या कागदावर शिक्का मारते
आणि तिचा हात थरथरतो.
समासात पेन्सिलीने कुणीतरी लिहिलंय,
"असं होत नाही."
कारखानीसांना वाटतं सुलक्षणाने, तिला वाटतं त्यांनी.
मी पुस्तक मिटून पुढच्या माणसाकडे सरकवलं,
अक्षर माझं कुणी पाहिलेलं नाही इथे.

परतताना मुकादमांनी घरापर्यंत सोडलं.
खिडकीच्या काचा दमट हवेने पांढऱ्या झालेल्या.
"खरंच लांबलंय वाटलं तुम्हाला?" त्यांनी विचारलं,
आरशात न बघता.
इतक्यात माझा फोन वाजला.
बँकेचा नंबर, सुट्टीच्या दिवशी.
मी तो वाजू दिला.
मुकादमांनी रेडिओचा आवाज
एका बोटाने थोडा वाढवला.